आठवा दात

आगीच्या बंबाच्या दारावर
ढाल पुन्हा रंगवायचं काम माझ्याकडे आलंय.
रंग तीनच : हिरवा, काळा, चंदेरी.
चंदेरी म्हणजे पांढरा, असं नियमातच आहे;
चांदी कोणत्या गावाला परवडते.

हे एर्लेनरोडे. वस्ती चारशे दहा,
एक चर्च, बेकरी बंद.
एर्लेन म्हणजे ओढ्याकाठची ती झाडं,
कापली की ज्यांचं लाकूड लालसर होत जातं,
आणि रोडे म्हणजे जंगल तोडून काढलेली जागा.
गावाच्या नावातच झाड आहे
आणि कुऱ्हाडही.

ढालीवर मात्र दोन्ही नाहीत.
खाली नागमोडी पट्टा, तो ओढा.
वर एक दाताळं,
गवत ओढायचं, साधं, लाकडी.

पूर्वी आम्हाला चिन्हच नव्हतं.
ना किल्ला, ना सरदार.
ढाल घेऊन इथलं कुणी लढलं नाही,
म्हणजे लढले, पण दुसऱ्यांच्या ढालींसाठी.
मग चौसष्ट साली जिल्ह्याचं पत्र आलं :
गावानं आपलं चिन्ह कळवावं, दोन प्रतींत.
श्ट्योबर मास्तर दप्तरखान्यात जाऊन बसले.
एका जुन्या सारापावतीवर त्यांना
लाखेचा शिक्का सापडला, कोटाच्या बटणाएवढा.
त्यावर काहीतरी दातेरी.
लाख ओली असताना
कुणाचा तरी अंगठा लागलेला.

दोन हिवाळे गाव भांडलं.
मेंढ्यावाले म्हणाले, फणी आहे, लोकर विंचरायची.
कुरणवाले म्हणाले, दाताळं.
पाद्रीबुवांना त्यात संत लॉरेन्सची जाळी दिसली,
ज्यावर त्याला भाजलं ती.
खाणावळवाल्याला जेवणाचा काटा.
खरं तर त्या शिक्क्यात
अंगठाच सगळ्यांत स्पष्ट होता.

शेवटी हात वर करून मोजले.
दाताळं, चार मतांनी.
दात सात,
जुन्या वहीत चुली सात होत्या म्हणून.

रंगवायला ओटिलिएला बोलावलं.
ती सेहेचाळीस साली सायलेशियातून आलेली,
हातगाडी ढकलत; गाडीत आजारी आई
आणि शिवणयंत्राचं नुसतं डोकं.
तिकडे ती कारखान्यात बशांच्या किनारी रंगवायची.
वीस वर्षं झाली तरी गाव तिला
'ती आलेली' म्हणायचं.

तिनं आठ दात काढले.

लक्षात आलं ते उद्घाटनाच्या दिवशी,
बँड वाजून गेल्यावर.
मास्तरांनी छडीनं मोजले, दोनदा.
ती म्हणाली, हात सवयीनं गेला असेल,
बशीवर आम्ही नेहमी समच काढायचो.
रंग महाग होता. राहू दिलं.

पुढे मी तिच्या हाताखाली शिकले.
एकदा विचारलंच. ती टर्पेंटाइनमध्ये ब्रश धूत होती.
म्हणाली, एक दात कमी असला
की गवत नेमकं तिथूनच निसटतं.
हे उत्तर होतं
की शेतीतली माहिती,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेव्हापासून गावाचे दाखवायचे दात सात,
कागदावर, झेंड्यावर, पत्राच्या माथ्यावर.
बंबाच्या दारावर आठ.
एक्क्याण्णव साली दार बदललं
तेव्हा सुतारानं जुन्यावरून छाप घेतला,
आणि कुणी काही बोललं नाही.

आज शिडी धरायला यामेन आहे,
बेकरीच्या वरच्या खोल्यांत राहतो, वय अकरा.
मान मागे टाकून बघत म्हणाला,
हा कंगवा का काढलाय?
मेंढ्यावाले आज असते
तर त्याला खांद्यावर घेऊन नाचले असते.
मी म्हटलं, शिडी नीट धर.

सहा झालेत.
सातवा ओला आहे.
खाली उतरून जरा लांबून बघते,
मग पुढचं.